दिवाण-इ-खासचें छत

मागील महिन्यांत आमच्या मंडळींना हरिद्वारच्या घाटावर ओलेत्यानें उभें करून मीं लेखणी खालीं ठेविली होती. पुढें काय झालें, अशी विचारणा करणारीं दोन-तीन पत्रें आलीं आहेत. पुढें विशेष कांहीं झालें नाहीं. सर्वांचीं अंगें कोरडीं झालीं, कोणाला पडसें आलें नाहीं, आणि परतीच्या वाटेवर आम्हांला दिल्लीचा एक दिवस लाभला. त्या एका दिवसाची हकीकत आज सांगतों.

हरिद्वारहून निघालेली गाडी आम्हांला पहाटे जुन्या दिल्लीच्या स्थानकावर उतरवून गेली, आणि पुण्याकडे जाणारी गाडी रात्रीं निजामुद्दीन स्थानकावरून सुटावयाची होती. मधले पंधरा तास आमचे. मंडळी सातजण: थोरले बंधु दादा, वहिनी, पंचाहत्तरी उलटलेल्या काकू, आमचें कुटुंब, मी, दादांचे चिरंजीव आणि त्यांची बारा वर्षांची कन्या मनू. सूनबाईंना कचेरींतून रजा मिळाली नव्हती. सामान स्थानकावर ठेवून, तोंडें धुऊन आम्ही चहा घेत आहों तोंच चिरंजीवांनीं मोबाईल पुढें केला. त्यांत त्यांनीं दिल्लींतील अकरा स्थळांची यादी करून ठेविली होती व प्रत्येक स्थळापुढें मिनिटें मांडलीं होतीं. लाल किल्ल्याला साठ, जामा मशिदीला तीस, कुतुबमिनाराला पंचेचाळीस, राजघाटाला पंधरा. महात्माजींच्या समाधीला पंधरा मिनिटें पुरतात कीं नाहीं, याविषयीं वहिनींनीं शंका काढली. तेव्हां तीं वीस करण्यांत आलीं व तेवढ्यासाठीं जंतरमंतराचीं पांच कापलीं गेलीं.

काकूंनीं यादी ऐकून घेतली आणि एवढेंच म्हणाल्या, "मला बापडीला एक शंकराचें देऊळ दाखवा, आणि मग कुठेंतरी बसूं द्या."

वडील माणसांच्या मागण्या अशा लहान असतात, आणि म्हणूनच त्या बहुधा मागें पडतात. परंतु या वेळीं दादा काकूंच्या बाजूस आले. किल्ला साडेनवाशिवाय उघडत नाहीं. तोंपर्यंत चांदणी चौकांतलें गौरीशंकराचें देऊळ पाहूं, तें स्थानकापासून दूर नाहीं, असें ते म्हणाले. आणि मनूकडे वळून मोठ्या तोऱ्यानें पुढें म्हणाले, "तें देऊळ आपण बांधलेलें आहे, बरें का!"

दादांचा हा तोरा समजण्यास त्यांचा थोडा परिचय हवा. त्यांनीं चौतीस वर्षें हायस्कुलांत इतिहास शिकविला. पानिपतचा धडा आला कीं ते पुस्तक मिटून ठेवीत, आणि शेजारच्या वर्गांतले मास्तरहि खिडकीशीं येऊन उभे राहात. भाऊसाहेब पेशवे म्हणजे आमच्या घरांत जवळजवळ नात्यांतलेच गृहस्थ. संक्रांतीच्या दिवशीं तिळगूळ वांटतांना, १७६१ सालीं हा सण चौदा जानेवारीच्या आसपास कोणत्या अवस्थेंत गेला असेल, याचें स्मरण दादा आम्हां सर्वांना न चुकतां करून देतात.

चांदणी चौक आतां गाड्यांना बंद करून पायीं चालणारांसाठीं मोकळा केला आहे; दिवसा तेथें मोटारींना मज्जाव असतो. सकाळच्या वेळीं दुकानें मिटलेलीं असल्यामुळें तो रस्ता आपल्या मूळ रुंदीनिशीं दिसतो. हें भाग्य दहानंतर येणाऱ्यास नाहीं. किल्ल्याच्या बाजूस लाल दगडाचें जैन मंदिर आहे; त्याच्या आवारांत पांखरांचें इस्पितळ आहे, आणि जखमी पारवे-चिमण्यांवर तेथें फुकट उपचार होतात. मनूला तेथून हलविणें कठीण झालें. त्याला लागूनच गौरीशंकराचें देऊळ. शिंद्यांच्या पदरचे आपा गंगाधर म्हणून एक मराठे सरदार होते. हें देऊळ त्यांनीं उभारलें, असें सांगतात. मूळ इमारतीवर पुढें पुष्कळ नवें काम चढलें आहे, त्यामुळें आपल्याकडील देवळाची कांहीं खूण तेथें मिळेल म्हणून जाणारा निराश होईल. पण अभिषेकाचें पाणी, बेलाचा वास आणि घंटेचा आवाज हीं सगळीकडे सारखींच. काकूंनीं पिंडीवर बेल वाहिला, एका खांबाशीं टेकून शिवमहिम्न म्हटलें, आणि बाहेर येतांना म्हणाल्या, "माझी दिल्ली झाली. आतां तुमची दाखवा."

मनूनें वहींत लिहिलें: आपलें देऊळ. तिच्या शाळेच्या बाईंनीं प्रवासांत रोज चार ओळी लिहिण्यास सांगितलें होतें. ही वही पुढें लागणार आहे, म्हणून आतांच तिचा उल्लेख करून ठेवतों.

आमचा वार मंगळवार होता. सोमवारीं लाल किल्ला बंद असतो, हें आम्हांला तेथें गेल्यावर कळलें. म्हणजे आम्हांला किल्ला दिसला तो शहाणपणानें नव्हे, दैवानें. वाचकांनीं वार पाहून निघावें. लाहोरी दरवाजानें आंत गेलें कीं आधीं छपराखालचा बाजार लागतो. शाहजहानच्या वेळीं तेथें रेशीम आणि जवाहीर विकत असत, आतां लाखेच्या बांगड्या आणि लांकडी हत्ती मिळतात. आमच्या स्त्रीवर्गाचीं वीस मिनिटें तेथेंच गेलीं आणि चिरंजीव घड्याळ पाहूं लागले.

किल्ल्याचें काम १६३९ सालीं सुरू होऊन १६४८ सालीं पुरें झालें. एवढ्या काळांत आज एखाद्या नगरपालिकेचा पूल होत नाहीं. तथापि आज जें दिसतें तें मूळ किल्ल्याचें अवशेष म्हणावें इतकेंच आहे. १८५७ नंतर इंग्रजांनीं राजवाड्याच्या बहुतेक इमारती पाडून तेथें गोऱ्या शिपायांच्या बराकी बांधल्या. म्हणून एका सुंदर महालाजवळ मोकळें हिरवळीचें मैदान आणि त्यापलीकडे अगदीं ओबडधोबड तीन मजली चाळ, असा विचित्र देखावा तेथें पाहावयास मिळतो. दिवाण-इ-आममध्यें सिंहासनाच्या मागच्या भिंतींत रंगीत दगडांच्या जडावाचीं पांखरें आहेत आणि सर्वांत वर वाद्य वाजविणारा ग्रीक ऑर्फियस आहे. मोगल बादशहाच्या डोक्यावर हा ग्रीक गवई कोठून आला, असें आमच्या कुटुंबानें विचारलें. असे तुकडे युरोपांतून येत. १८५७ नंतर ते उचकटून विलायतेस नेले गेले होते आणि लॉर्ड कर्झन यांच्या कारकीर्दींत ते परत येऊन जागच्या जागीं बसले, ही गोष्ट दादांनीं सांगितली. आणि सांगतांना 'उचकटून' या शब्दावर त्यांनीं चांगला जोर दिला.

तेथून पुढें यमुनेच्या बाजूला संगमरवरी महालांची ओळ आहे. पूर्वीं या महालांमधून पाण्याचा पाट खेळत असे. आज तो कोरडा आहे, आणि नदीहि किल्ला सोडून दूर गेली आहे. दिवाण-इ-खास म्हणजे बादशहाच्या खाजगी मसलतीचें दालन. मयूरासन येथेंच होतें, तें १७३९ सालीं नादिरशहा घेऊन गेला. खांबांवर फुलांचें जडावकाम आहे, कमानीच्या वर या दालनाला स्वर्गाची उपमा देणारा फारसी बैत सोन्याच्या अक्षरांत कोरला आहे. छत लांकडी आहे, १९११ सालीं रंगविलेलें.

आम्ही खांब पाहात उभे होतों. शेजारीं उत्तर हिंदुस्थानांतल्या कांहीं यात्रेकरूंना घेऊन एक वाटाड्या आला. त्यानें हात वर करून, रोज शंभर वेळां सांगावें अशा सुरांत, सांगितलें, "यह छत पहले चाँदी की थी. मराठे उतार ले गये." आणि तो पुढच्या हमामखान्याकडे गेलाहि.

दादांचा चेहरा मीं पाहिला. ते त्या माणसाच्या मागें दोन पावलें गेले, आणि थांबले. वहिनींनीं हलकेंच त्यांच्या बाहीला धरलें होतें. परंतु ते थांबले ते त्यामुळें नव्हे, असें मला वाटतें. मनू छताकडे मान वर करून बघत होती.

"आजोबा, मराठे म्हणजे आपण ना?"

"हो."

"सकाळचें देऊळ आपण बांधलें. मग हें छतहि आपणच काढलें?"

प्रश्नांत खोंच नव्हती. तिनें केवळ हिशेब मांडला होता, आणि हिशेब बरोबर होता. दादांनीं प्रथम, कोणीहि करील तेंच केलें. नादिरशहानें काय नेलें तें सांगितलें. अब्दालीनें १७५७ सालीं दिल्ली कशी लुटली तें सांगितलें. इंग्रजांनीं तर छतें सोडा, सबंध महालच्या महाल पाडले, हें बोटानें दाखविलें. मनूनें सगळें ऐकून घेतलें आणि म्हणाली, "पण छत?"

तेव्हां दादा आम्हां सर्वांना घेऊन पलीकडच्या बागेंत एका झाडाखालीं बसले. काकूंना बसावयास मिळालें म्हणून त्या संतुष्ट होत्या. चिरंजीवांनीं लाल किल्ल्याचीं साठ मिनिटें संपल्याची सूचना केली, ती कोणीं मनावर घेतली नाहीं. दादा बोलूं लागले, परंतु तो त्यांचा वर्गांतला आवाज नव्हता.

"परीक्षेंत प्रश्न असे. पानिपतच्या पराभवाचीं कारणें लिहा. त्यांत एक कारण द्रव्याची टंचाई. मुलें तेवढे तीन शब्द लिहीत आणि मी एक गुण देत असें. टंचाई होती, मग त्यांनीं काय केलें, हें मी कधीं विचारलें नाहीं. मला ठाऊक होतें. पण मीं विचारलें नाहीं."

मग त्यांनीं सांगितलें. १७६० च्या पावसाळ्यांत भाऊसाहेबांनीं दिल्ली घेतली. समोर यमुनेला पूर, पलीकडे अब्दाली. फौज मोठी, तिच्याबरोबर बाजारबुणगे, यात्रेकरू, बायकामुलें. घरून आणलेला पैसा सरला होता, आणि हिंदुस्थानांतून जो वसूल यावयाचा तो येत नव्हता. गोविंदपंत बुंदेल्यांना पैसे पाठवा, पैसे पाठवा, म्हणून भाऊसाहेबांनीं लिहिलेलीं पत्रें आजहि वाचावयास मिळतात. दिल्ली हातीं आली, पण दिल्लीचा खजिना रिकामा; त्याच्यावर आधीं इतके हात पडले होते कीं झाडून कांहीं निघेना. राहिली होती ती छताची चांदी. ती उतरविली, वितळविली आणि तिचीं नाणीं पाडून फौजेला वांटलीं. तेवढ्यानें थोडेच दिवस निभावले. बरोबर असलेला सूरजमल जाट याला ही गोष्ट मुळींच रुचली नाहीं, आणि थोड्याच दिवसांत तो भाऊसाहेबांची साथ सोडून गेला. त्याच्या जाण्याला इतरहि कारणें होतीं. पण तो गेला. पुढच्या जानेवारींत पानिपत झालें.

"म्हणजे चूक कीं बरोबर?" मनू.

दादा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "मला विचारशील तर काढावयास नको होतें. पण मी येथें सावलींत बसून बोलतों आहें, आणि मला त्या दिवशीं कोणाला जेवूं घालावयाचें नव्हतें. हीं दोन्हीं वाक्यें एकदमच लिहून ठेव. एकच लिहूं नकोस."

मला राहवेना. मीं म्हटलें, "दादा, महादजींचेंहि सांगा तिला. तें तर याच दालनांतलें आहे."

दादांनीं मान हलविली. "सांगेन, पण आतां नाहीं. एकाचा जमाखर्च दुसऱ्याच्या खातेवहींत मांडूं नये."

आमच्या घराण्यांत दादांचा शब्द शेवटचा असतो. तरी मला तेव्हां तें थोडें लागलें, हें कबूल करतों. घरच्या मुलीनें दिल्लीहून काय घेऊन जावें? महादजींची गोष्ट सांगितली असती तर ती मान ताठ करून उठली असती. आमच्या लहानपणीं आम्हांला तसेंच उठवीत असत.

किल्ल्याबाहेर पडलों तेव्हां अकरा स्थळांच्या यादींतलीं बहुतेक स्थळें आपोआपच गळालीं होतीं. कुतुबमिनार तेथून पंधरा किलोमीटरांवर, त्याच्यावर चढणें १९८१ च्या दुर्घटनेपासून बंद. मग नुसतें खालून पाहून यावयाचें, तर काकूंना तितका प्रवास कशाला, असें सर्वानुमतें ठरलें. चिरंजीव रुसले. त्यांची समजूत पराठ्यांच्या गल्लींत पटली. तेथें पराठे तव्यावर भाजीत नाहींत, कढईंत तुपांत तळतात. आणि कांदा-लसूण नसल्याची खात्री करून घेतल्यावर काकूंनींहि दोन खाल्ले. "याला पराठा म्हणण्यापेक्षां पुरी म्हणा," हें वहिनींचें मत मीं येथें नोंदवून ठेवतों, कारण तें त्यांनीं मला तीन वेळां सांगितलें. भर दुपारीं जामा मशिदीच्या पायऱ्या चढलों. ही १६५६ सालीं पुरी झाली. हिच्या अंगणांत पंचवीस हजार माणसें मावतात, असें सांगतात. त्या दिवशीं पांच-पन्नास होतीं आणि बाकीचीं पारवीं. मार्गशीर्षांतलें ऊन असल्यामुळें अनवाणी पायांना फरशी सोसवली. उन्हाळ्यांत जाणारांनीं सकाळची वेळ धरावी.

पूर्वेकडच्या पायऱ्यांवर बसून किल्ल्याच्या भिंती समोर दिसतात. तेथें दादांनीं महादजींची गोष्ट सांगितली. १७८८ सालीं गुलाम कादर रोहिल्यानें किल्ल्यांत शिरून, दडलेलें द्रव्य दाखवीत नाहीं म्हणून, वृद्ध शाहआलम बादशहाचे डोळे काढविले. महादजी शिंद्यांच्या फौजेनें येऊन किल्ला घेतला, आंधळ्या बादशहाला पुन्हां गादीवर बसविलें, आणि गुलाम कादराला पकडून ठार केलें. तेव्हांपासून १८०३ सालीं इंग्रजांनीं दिल्ली घेईपर्यंत किल्ल्यांत मराठ्यांची चौकी होती. मनूनें विचारलें, "तेव्हां छत पुन्हां चांदीचें केलें का?"

"नाहीं," दादा म्हणाले.

संध्याकाळीं हुमायूनच्या कबरीकडे गेलों, कारण निजामुद्दीन स्थानक तेथून जवळ पडतें. चिरंजीवांना मात्र सामान सोडवून आणण्यासाठीं जुन्या दिल्लीस परतावें लागलें. अकरा स्थळांची यादी करणाऱ्याच्या वांट्याला स्थानकाचें दर्शन तेवढें दोनदां आलें. ही इमारत हुमायूनच्या बेगमेनें १५६५ च्या सुमारास आरंभिली. चार भागांची बाग, मधून पाण्याच्या पन्हळी, आणि मधोमध लाल-पांढऱ्या दगडाची प्रचंड इमारत. कलत्या उन्हांत ती पाहावी. आग्र्याच्या ताजाचें वर्णन करणारे लोक हिच्याविषयीं इतके थोडें कां बोलतात कोण जाणे. मला ही अधिक आवडली, आणि आमच्या कुटुंबाचें मत उलट आहे.

१८५७ च्या सप्टेंबरांत बहादूरशहा येथेंच येऊन लपला होता व येथूनच तो इंग्रजांच्या हातीं लागला. पुढें त्याच्यावर खटला भरला गेला तो दिवाण-इ-खासमध्यें, त्याच लांकडाच्या जागेखालीं जेथें पूर्वीं चांदी होती. परंतु काकूंना खिळवून ठेविलें तें दुसऱ्याच एका माणसानें. शाहजहानचा थोरला मुलगा दारा शुकोह याला औरंगजेबानें १६५९ सालीं मारविलें, आणि त्याचें प्रेत या इमारतींत पुरलें. या दारानें १६५७ सालीं काशीच्या पंडितांना व संन्याशांना बसवून सुमारें पन्नास उपनिषदें फारसींत उतरविलीं. पुढें दीडशें वर्षांनीं त्या फारसीवरून एका फ्रेंच गृहस्थानें तीं लॅटिनमध्यें नेलीं, आणि जर्मनीच्या शोपेनहॉएरनें तीं त्या लॅटिनमध्यें वाचलीं. त्या काळीं काशींत कवींद्राचार्य सरस्वती म्हणून संन्यासी होते, ते मूळ आपल्या गोदाकांठचे. प्रयाग-काशीच्या यात्रेकरूंवरचा कर त्यांनींच शाहजहानकडून माफ करून घेतला.

"मग त्याची कबर कोणती?" काकूंनीं विचारलें.

येथें कबरी शंभरांहून अधिक आहेत, कित्येकांवर नांव नाहीं, आणि दाराची नक्की कोणती याविषयीं जाणत्यांत एकमत नाहीं. वर चौथऱ्यावर जाण्याचा जिना उभा आहे, काकूंचे गुडघे दुखत होते. त्यांनीं खालींच वहाणा काढल्या, पदर सांवरला, आणि सगळ्या चौथऱ्याला मिळून एक नमस्कार केला. शेजारच्या पहारेकऱ्यानें त्यांना बसावयास आपली खुर्ची दिली.

गाडी वेळेवर सुटली. मथुरेच्या सुमारास काकू निजल्या. मनू वरच्या बाकावर वही घेऊन लिहीत होती. लिहून झाल्यावर तिनें ती दादांकडे दिली, कारण शुद्धलेखन ते तपासतात. मींहि खांद्यावरून पाहिली. पक्ष्यांच्या इस्पितळावर दोन ओळी होत्या, देवळावर एक. त्याखालीं लिहिलें होतें: "किल्ल्यांत चांदीचें छत होतें. तें आपण सन १७६१ मध्यें काढलें. फौज उपाशी होती. आजोबा म्हणतात काढावयास नको होतें."

दादांनीं चष्मा नीट बसविला, खिशांतून लाल शाईचें पेन काढलें, १७६१ खोडून तेथें १७६० केलें, आणि वही परत दिली.